दोन किलोचं वजन

अकराव्या दिवशी, सोमवारी, आकडा आला दोन किलो आठशे वीस, आणि खोलीतली चारही माणसं तो पुन्हा वाचायला काट्यावर वाकली.

घरोघरी जाऊन बाळंतिणींना बघणाऱ्या सिस्टरनं बाळाला काट्यावरून उचलून सुनेच्या हातात दिलं आणि वही उघडली.

"जन्मताना तीन किलो शंभर. पाचव्या दिवशी दोन सातशे. आज दोन आठशे वीस. चढतंय, नाही असं नाही. पण दोन आठवड्यांत बाळानं जन्माचं वजन परत गाठायला हवं. गुरुवारी चौदा दिवस भरतील. मी अकराला येते. तेव्हाही तीन किलोच्या खालीच असली, तर दाखल करून घ्यावं लागेल. तपासण्या, वरचं दूध, सगळं तिथंच बघू."

"म्हणजे माझं दूध कमी पडतंय," सून म्हणाली.

"असं मी म्हटलं नाही हो."

"वहीत तेच लिहिलंय."

ती शाळेत गणित शिकवायची. तिच्याशी आकड्यांवरून वाद घालणं अवघड होतं आणि तिला आकड्यांवरून धीर देणं तर त्याहून अवघड. धाकट्यानं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

तिचे सासरे, आबा, मात्र हात चोळत पुढे आले. "सिस्टर, तुमचा काटा जरा द्या. दहा मिनिटांत आणतो."

या घराची ही तिसरी पिढी काट्यातराजूंत. खाली दुकान, वर घर. गावातल्या वाण्यापासून सोनारापर्यंत आणि पोस्टापासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांचे काटे आबांच्या हातून ग्रॅमपर्यंत नेमके लागलेले. त्यांनी काटा लावून त्यावर लाल लाखेचं सील मारलं की त्याला कुणी बोट लावत नसे. सिस्टरचा काटा काखेत घेऊन ते जिने उतरले, प्रमाण वजनं ठेवून त्यांनी तो तीनदा तपासला, आणि वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"एका ग्रॅमचाही फरक नाही," ते म्हणाले. दुसऱ्याचा काटा बरोबर निघाला म्हणून आबांना वाईट वाटल्याचा हा आयुष्यातला पहिलाच प्रसंग असावा.

*

दुसऱ्या कुठल्याही घरात बाळ रडलं की त्याला उचलून घेतात. या घरात आधी वजन करायचे.

आबांनी दुकानातला एक काटा वर आणून त्याच्या पारड्यात मऊ दुपटं अंथरलं होतं. पाजण्याआधी एक वजन, पाजल्यावर एक. सुनेनं कपाटाच्या दारावर आलेखाचा कागद चिकटवला होता आणि त्यावर रोज एक रेघ पुढे सरकत होती. पाजल्यानंतरचा आकडा पन्नास-साठ ग्रॅमनी वाढलेला असे आणि सगळे खूश होत. मग कुणाला तरी गुरुवार आठवे. आबा नातीला 'छटाक' म्हणायचे. पहिले चार दिवस ते लाडाचं नाव होतं. आता ते तोंडातून निसटलं की आबा जीभ चावायचे, आणि सून ऐकलं नाही असं दाखवायची.

सुनेच्या सासूबाई, माई, हे सगळं बघत होत्या. त्यांचं मत अगदी सरळ होतं. पोर भुकेलं असेल तर बाटली आणावी, विषय संपला. मंगळवारी सकाळी ताई, म्हणजे सुनेची नणंद, औषधांच्या दुकानात कामावर जाता जाता दूधपावडरचा डबा आणि दोन बाटल्या घेऊन आली, तेव्हा माईंनी पाणी आधीच उकळून ठेवलं होतं.

"हे बघ," ताईनं डबा ओट्यावर ठेवला. "यात कमीपणा काही नाही. माझ्या काउंटरवरून रोज दहा डबे जातात. त्या बायका काय वाईट आया आहेत?"

"अजिबात नाहीत, ताई."

"धाकट्याला मी तिसऱ्या महिन्यापासून बाटलीवरच वाढवला," माई म्हणाल्या. "त्याचं काय बिघडलं?"

"ते अजून ठरायचंय," ताई म्हणाली. दारात उभ्या असलेल्या धाकट्यानं "बास हं" म्हटलं आणि क्षणभर घर पूर्वीसारखं हसलं.

सून हसली नाही. ती बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होती. "वरच्या दुधाचा मला राग नाही. गरज पडली तर मीच भरवेन. पण ताई, ही पोटभर पितेय. दिवसाला सात-आठ लंगोट भिजवतेय. पिऊन झालं की तिच्या मुठी सुटतात, हाक मारली की मान वळवते. सगळं बरोबर, आणि फक्त उत्तर चूक. वर्गात एखाद्याचं असं झालं तर मी त्याला म्हणते, उत्तरावर रडू नकोस, गणित पुन्हा मांड."

"अगं, हे पोर आहे. गणित नाही."

"म्हणूनच तर."

"आणि गुरुवारी सुईबिई टोचली की? मग कुणाच्या हट्टापायी टोचली म्हणायचं?"

ताईचा आवाज चढला होता, पण तिचेही डोळे भरून आले होते. तिला मूलबाळ नव्हतं आणि ही भाची तिच्या जिवाचा तुकडा झाली होती. ती तशीच कामावर निघून गेली. डबा ओट्यावर राहिला.

माई बाजू बदलणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण त्या दिवशी दुपारी त्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या, तेव्हा सून ओट्यापाशी उभी होती. समोर ताट होतं. ती एक घास तोंडात घालत होती, चावत होती, पाण्याच्या घोटाबरोबर गिळत होती आणि लगेच दुसरा घास घेत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही ती थांबत नव्हती. भूक तिला नव्हतीच. दूध यावं म्हणून ती जेवणाचं काम उरकत होती. शेजारी डिंकाच्या लाडवांच्या बरणीचं झाकण उघडं होतं आणि दूधपावडरच्या डब्यामागची सगळी बारीक अक्षरं वाचून त्यातल्या मापावर तिनं पेन्सिलीनं खूण केलेली होती. म्हणजे उद्या द्यावंच लागलं, तर त्याचीही तिची तयारी होती.

माईंना स्वतःचीच लाज वाटली. आपण हिला हट्टी म्हणत होतो. ही तर दोन्ही बाजूंनी लढायला उभी आहे, आणि तेही बाळंत होऊन दोन आठवडे झाले नसताना, टाके दुखत असताना.

त्यांनी तिच्या हातातला पेला काढून घेतला. "बस जरा. मी भरवते."

"माई, अहो…"

"गप. तू तिला पाज, मी तुला भरवते. बघू कोण आधी कंटाळतं."

संध्याकाळी ताई परत आली तेव्हा माईंनी तिला दारातच सांगितलं, "गुरुवारपर्यंत डब्याचं नाव काढायचं नाही."

"आई! सकाळी तूच पाणी उकळलंस ना?"

"त्याचा चहा केला," माई म्हणाल्या.

*

बुधवारी दहाच्या सुमाराला बसवालीचा फोन आला. ही सुनेची दवाखान्यातली शेजारीण. शहरातली मोठी बस चालवणारी, भरदार आवाजाची बाई. दोघींच्या खाटा शेजारी आणि बाळं पाच तासांच्या अंतरानं झालेली. तिच्या विनोदांनी सुनेचे टाके दोनदा दुखले होते. आज तो आवाज ओळखू येईना.

"मी परत इथंच आलेय गं. काल दाखल केलं."

"कुणाला? बाळाला? काय झालं?"

"वजन नाही. तीन सहाशेचा होता, तीन दोनशे ऐंशीवर आला. माझ्यात दूधच नाही म्हणे. एवढी थोरली बाई मी, आणि एवढंसं जमलं नाही बघ. काल दुपारपासून पाजायचं बंद केलं. मी रडायचंही बंद केलंय आता."

सुनेनं तिची समजूत घातली, काय घातली ते नंतर तिला आठवलं नाही, कारण बोलता बोलताच तिच्या डोक्यात दुसरं काही सुरू झालं होतं. एका खोलीतली दोन बाळं. एक धिप्पाड बाईचं, एक तिच्यासारख्या किरकोळ बाईचं. दोन्ही बाळं सारख्याच हिशेबानं घटलेली.

तिनं फोन ठेवला आणि सिस्टरला लावला.

"सिस्टर, तुमच्या वहीतली आणखी किती बाळं अशी कमी भरतायत?"

"काय सांगू, सध्या सगळीच! मी म्हटलं ना परवा घरी गेल्यावर नवऱ्याला, दिवसच असे आलेत की काय…"

"सगळी म्हणजे कधीपासूनची?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "या दोन-अडीच आठवड्यांतली."

"त्याच्या आधीची?"

पानं पुन्हा उलटली. सिस्टरचा आवाज हळू झाला. "आधीची नाहीत."

सुनेनं बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि घरी आल्यापासून पहिल्यांदाच जिना उतरली. एका हातानं कठडा, एका हातानं बाळ. दुकानात आबा भिंगातून एका सोनाराच्या काट्याची दांडी जिच्यावर तोलते ती धार बघत होते. ते दचकून उठले.

"अगं मास्तरीणबाई! एवढे जिने? हाक मारायची ना."

"आबा, गणितात काटे दोन आहेत. एक सिस्टरचा. तो तुम्ही तपासला."

"हो. चोख आहे."

"दुसरा दवाखान्यातला. जन्मल्यावर पहिलं वजन ज्यावर झालं तो."

आबांनी भिंग खाली ठेवलं. "तो मी लावलाय."

"कधी?"

"तुझ्या बाळंतपणाआधी तीन दिवस. सोमवारी. सील माझं आहे त्यावर."

"मग तपासायला काय हरकत आहे?"

"मी लावलाय म्हटलं ना!"

सासऱ्यांचा असा आवाज तिनं लग्नानंतरच्या सहा वर्षांत ऐकला नव्हता. बाळ दचकून रडायला लागलं. ती मागे हटली नाही. तिनं बाळाला थोपटलं, सिस्टरनं फोनवर सांगितलेलं सगळं शांतपणे सांगितलं, बसवालीचे दोन आकडे सांगितले, आणि शेवटी म्हणाली, "आबा, मी चुकत असेन तर उद्या हिला दवाखान्यात नेईन आणि पुन्हा एक शब्द बोलणार नाही. पण काटा बघितल्याशिवाय मी चुकले असं मला नका म्हणू."

ती हळूहळू जिना चढून गेली. आबा उभेच होते.

*

त्या सोमवारी काय झालं होतं, ते फक्त आबांना माहीत होतं.

दवाखान्याच्या जिन्यावर त्यांचा हात थरथरला. गेल्या वर्षापासून तो अधूनमधून थरथरायचा, मग ते तो खिशात घालायचे. पिशवी निसटली आणि त्यातलं दोन किलोचं लोखंडी वजन दोन पायऱ्या गडगडत गेलं. त्यांनी आजूबाजूला बघितलं, ते उचललं, रुमालानं पुसलं आणि पिशवीत टाकलं. वरून ओरखडाही दिसत नव्हता. धाकटा कित्येक दिवस मागे लागला होता, आबा, बाहेरची कामं आता मी करतो, तुम्ही दुकानात बसा. जिन्यावरची गोष्ट घरी कळली असती तर दुकानात बसणं आलंच. म्हणून त्यांनी ती सांगितली नाही. त्याच वजनावर त्यांनी प्रसूतीच्या खोलीतला काटा लावला.

बाहेरच्या पिशवीतली वजनं दर सोमवारी सकाळी दुकानातल्या प्रमाण वजनांशी ताडून बघायची, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. पण पुढच्या सोमवारी छटाक नुकतीच घरी आली होती, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी सिस्टर. दोन सोमवार चुकले. पिशवी टेबलाखाली तशीच होती.

त्यांनी ती बाहेर ओढली. मोठ्या तराजूच्या एका पारड्यात प्रमाण वजन ठेवलं, दुसऱ्यात ते लोखंडी. लोखंडी वजनाचं पारडं आरामात वर गेलं.

त्यांनी ते उचलून उलटं केलं. वजन घडवताना तळाला एक भोक ठेवतात आणि त्यात शिसं भरून नेमकं दोन किलो करतात. ते भोक रिकामं होतं. आत अंधार आणि थोडा गंज. आबांनी पारडी सारखी होईपर्यंत छोटी वजनं टाकली. शंभर. मग वीस. एकशे वीस ग्रॅम शिसं दवाखान्याच्या जिन्याखाली कुठेतरी पडलेलं असणार. आणि हलक्या वजनावर लावलेला तो काटा तेव्हापासून प्रत्येक बाळ जड दाखवत असणार.

धाकटा बाहेरून आला तेव्हा बाप स्टुलावर बसून ते भोक बघत होता. धाकट्याला सगळं समजायला अर्धं मिनिट लागलं. हेच काम तो वीस वर्षं करत होता.

"बाप रे," तो म्हणाला. मग दुकानाचं दार लावून आला. "आबा, ऐका. मी आत्ता जातो, काटा नीट लावतो, नवं सील मारतो. सांगू, की स्प्रिंग ढिली झाली होती. काटे बिघडतात. कुणाला काही कळणार नाही. छटाकीचं वजन बरोबर होईल, आपलं नावही राहील."

आबा ते वजन हातात घेऊन उठले आणि जिना चढू लागले.

रात्रीच्या जेवणाआधी माईंनी दोघांचे चेहरे बघितले आणि भांडं खाली ठेवलं. "काय लपवताय?" मग सगळं बाहेर आलं. ताई आलेली होती. ती भावाच्या बाजूनं बोलली. साठ वर्षांचं दुकान, आबांचं वय, लोक काय एका चुकीवर थांबतात? एरवी या दोघांचं कशावरही एकमत व्हायचं नाही. आज बापाला वाचवायला दोघं एक झाली होती. सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं एवढं सगळं खरं ठरूनही 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही. आबांना तेच सगळ्यात जास्त लागलं.

"स्प्रिंग ढिली झाली म्हटलं," त्यांनी तिला विचारलं, "तर तुझं गणित सुटतं का गं?"

"माझं सुटतं, आबा," ती म्हणाली. "पण ढिली स्प्रिंग कधी किती सरकली, हे कुणी सांगू शकत नाही. मग मधल्या बाळांची खरी वजनं काढता येणार नाहीत. दोन किलोमागे एकशे वीस ग्रॅम म्हटलं, तर प्रत्येकाचं निघतं."

सगळे जेवायला बसले. माईंनी आबांच्या ताटात वाढलं आणि हात त्यांच्या पाठीवर ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मुलांसमोर असं त्या कधी करत नसत.

*

गुरुवारी अकराला सिस्टरनं छटाकीला काट्यावर ठेवलं. दोन किलो नऊशे तीस.

"वाढलंय," ती म्हणाली, "पण तीन किलोच्या खालीच आहे. मला पत्र लिहावं लागेल…"

"थांबा, सिस्टर." आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी ते लोखंडी वजन टेबलावर उलटं ठेवलं. "तुमच्या प्रसूतीच्या खोलीतला काटा चुकीचा आहे. सतरा दिवस झाले. तो मी लावला होता, या वजनानं. हे दोन किलो नाही, त्यात एकशे वीस ग्रॅम कमी आहेत. जिन्यावर माझ्या हातून पडलं होतं. मी सांगितलं नाही, आणि तपासलंही नाही. काट्याची काही चूक नाही. माझी आहे."

बोलताना त्यांचा हात थरथरत होता आणि या वेळी त्यांनी तो खिशात घातला नाही.

सिस्टर त्या भोकाकडे बघत राहिली. "पण आजोबा, हे नक्की कसं…"

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. धाकटा दवाखान्यातून बोलत होता. सकाळी सातलाच उठून, कुणाला काही न सांगता, तो प्रमाण वजन घेऊन गेला होता. सुनेनं फोनचा आवाज मोठा केला.

"इथल्या मोठ्या सिस्टर समोर उभ्या आहेत. खरं दोन किलो ठेवलंय. काटा दाखवतोय दोन किलो एकशे अठ्ठावीस. अठराशे ऐंशी ग्रॅमला तो दोन किलो म्हणतो, म्हणजे हेच यायला हवं. आबांना सांग, त्यांनी काढलेला आकडा बरोबर आहे." मग तो जरा थांबला. "आणि मी स्प्रिंगबिंग काही बोललो नाही. जे झालं ते सांगितलं. बसवालीला पण सांगून आलो. तिनं आधी मला अख्ख्या वॉर्डाला ऐकू जातील अशा शिव्या दिल्या. आता पोराला छातीशी घेऊन बसलीय, कुणाला जवळ येऊ देत नाहीये."

सून हसली. चौदा दिवसांत ती पहिल्यांदाच अशी मोकळी हसली. मग तिनं सिस्टरच्या वहीच्या कोपऱ्यात झरझर आकडे मांडले. "काट्यावरच्या दर किलोमागे साठ ग्रॅम वजा. तीन किलो शंभर म्हणजे खरे दोन किलो नऊशे चौदा. आज नऊशे तीस. सोळा ग्रॅम वर."

"म्हणजे गाठलं की हिनं!" सुट्टी काढून थांबलेली ताई ओरडली आणि तिनं भाचीच्या पायाचे इतके मुके घेतले की ती रडायला लागली. रडणं खणखणीत होतं. कुणीही तिला काट्यावर ठेवलं नाही.

आबा मात्र अजून उभेच होते. "सिस्टर, अशी एकूण किती बाळं?"

सिस्टरनं वॉर्डात फोन करून यादी घेतली. "सव्वीस. त्यातली चार दाखल आहेत, त्यांना डॉक्टर आत्ताच बघतील. बाकीची घरी."

सव्वीस. आबांनी तो आकडा स्वतःशी म्हटला. गेले चार दिवस त्यांनी आपल्या एका घरात काय बघितलं होतं, ते त्यांनी सव्वीसनं गुणलं. सव्वीस बायका, माईंनी सांगितलं होतं तशा, घास गिळताना रडत असतील.

"मी जातो," ते म्हणाले. "एकेका घरी जाऊन सांगतो."

"आजोबा, फोन लवकर पोचेल. पण खरे आकडे काढून द्या, त्याशिवाय मी कुणाला 'ठीक आहे' म्हणणार नाही. त्यातलं एखादं बाळ खरंच कमी असू शकतं."

मग सगळी जेवणाच्या टेबलाशी बसली. सून खरं वजन काढायची, सिस्टर ते आपल्या वहीतल्या नोंदीशी लावायची, आणि माई मध्ये मध्ये प्रत्येकापुढे पाण्याचे पेले ठेवायच्या. तीन बाळं खरोखर कमी होती. त्यांच्या घरी सिस्टर स्वतः जाणार होती. बाकीची सगळी चांगली वाढत होती, आणि त्यांच्या आयांना ते माहीत नव्हतं.

"पहिला फोन मी करतो," आबा म्हणाले. "धाकट्या, तू…" मग त्यांना आठवलं की धाकटा इथे नाही. "तो आला की सांगा त्याला. उद्यापासून बाहेरची पिशवी त्याची."

सिस्टरनं यादीतला पहिला नंबर लावून दिला. पलीकडे कुणीतरी बारीक आवाजात "हॅलो" म्हणालं. मागे एक बाळ रडत होतं.

"मी काटेवाला बोलतोय," आबा म्हणाले. "तुमच्या बाळाचं जे वजन… तो काटा मी… बाई, माझी चूक…"

"कोण? दवाखान्यातून का?" तो आवाज घाबरला. "आज पुन्हा करायचंय का वजन? मी पाजतेय हो, दर दोन तासांनी पाजतेय, खरंच…"

पन्नास वर्षांत कधी गिऱ्हाइकापुढे न अडखळलेला माणूस फोन हातात धरून सुनेकडे बघू लागला.

सुनेनं एका हातावर बाळ सावरलं आणि दुसऱ्या हातानं फोन घेतला.

"ताई, मीही बाळंतीणच आहे. माझं बाळ आज चौदा दिवसांचं झालं. तुमच्यासारखंच मलाही सांगितलं होतं. नीट ऐका. दवाखान्यातला काटा जास्त दाखवत होता. तुमच्या बाळाचं जन्माचं वजन तीन किलो दोनशे नव्हतंच, तीन किलो आठ ग्रॅम होतं. परवा सिस्टरनं केलं तेव्हा तीन किलो वीस भरलं. बाळ घटलेलं नाही, वाढलंय. तुमचं दूध पुरतंय."

पलीकडे तिनं बाळाला उचलून घेतलं असावं. बाळाचं रडणं थांबलं होतं. मग त्या बाईनं अगदी हळू विचारलं, "परत सांगता?"

सुनेनं परत सांगितलं.